आसरांचा कोंड

आमच्या वाडीच्या पाठीमागे सड्याचा कातळ जिथे संपतो आणि वहाळ खाली उतरू लागतो, त्या जागी एक कोंड होता. पावसाळ्यात त्याला वेगळे अस्तित्व नसे. वहाळाच्या लोंढ्यात तो बुडून जाई. दिवाळीनंतर वहाळ आटला, की कातळाच्या खोबणीत अडकलेले पाणी मागे उरे, आणि वैशाखापर्यंत ते एखाद्या लहान खळ्याएवढे आकसून येई. खाली उतरायला जांभ्यात पायऱ्या खोदलेल्या होत्या. पाणी ओसरे तशी एकेक पायरी उघडी पडे, आणि बायका जी शेवटची पायरी असेल तिच्यावर, घोट्याभर पाण्यात उभ्या राहून कळशी बुडवीत. काठावर सुरंगीचे एक जुने झाड होते आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले सात दगड. त्या सात आसरा, पाण्यातल्या देवी. पाणी त्यांचे, माणसांनी ते मागून न्यायचे, असा सगळ्या वाडीचा समज होता. पहाटे आमच्या पडवीत पडल्या पडल्या तांब्याची कळशी पायरीच्या दगडाला लागल्याचा आवाज येई, आणि आवाजावरूनच आई सांगे, "गुरवीण आली. तिचीच कळशी पोचे पडलेली आहे." सुरंगीच्या फुलांचा वास, शेवाळाचा वास आणि ओल्या तांब्याचा वास यांचे ते मिश्रण पुढे मला कोठेही भेटले नाही. भेटावे अशी इच्छाही झाली नाही.

घरात आम्ही चार माणसे. नाना, म्हणजे माझे वडील, थोडी भिक्षुकी आणि थोडी बागाईत करीत. आईचे गुडघे धरलेले असल्यामुळे पाणी भरण्याचे काम वहिनीकडे होते. दादा मुंबईला एका पेढीवर कारकून होता. तो वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी येई. मी मुंबईलाच मामाकडे राहून इंटर सायन्सला शिकत होते आणि सुट्टीत आगबोटीने घरी येत असे. अंगणात आमचा स्वतःचा आड होता, पण चैत्र उजाडला की त्याचा तळ दिसे आणि रहाटाला कोळिष्टके धरत. मग कोंडाखेरीज गती नसे. वाडीत ब्राह्मणाचे घर आमचे एकच. बाकीची सारी कुळवाड्यांची. आमच्या घरी पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी घरच्याच माणसाने सोवळ्याने भरलेले लागे, दुसऱ्याच्या कळशीतले चालत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही, तर पुढचे काहीच समजणार नाही.

कोंडाच्या खाली, वहाळ जिथे एकदम तुटतो, तिथे कड्याच्या फटीतून एक झरा येत असे. धार मनगटाएवढी, पण ऐन वैशाखातही ती तुटत नसे. ती एका दगडी पन्हळीतून पडे आणि खाली भांडे धरायचे. हा झरा महारवाडीचा. त्या काळचा शब्द मी त्या काळचा म्हणूनच लिहिते. त्या लोकांना कोंडाची पायरी बंद होती. त्यांच्या पाण्यात कोणाचाही पाय पडत नसे, कारण पाय ठेवायला तिथे साठलेले पाणीच नव्हते.

नारू हा रोग आज माझ्या विद्यार्थिनींनी फक्त बरणीत पाहिलेला असतो. आमच्याकडे तो उन्हाळ्यासारखा ठरलेला पाहुणा होता. पायावर एक फोड येई, आग आग होई, माणूस पाण्यात पाय बुडवी. फोड फुटे आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढी. माडाच्या झावळीतल्या हिराला तो गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली तर तुटतो, आणि तुटला तर आत कुजतो, हे शेंबडे पोरही जाणत होते. काय होते ते सर्वांना ठाऊक होते. कशाने होते ते मात्र मला त्याच वर्षी कॉलेजात कळले होते. फोड पाण्यात फुटला की जंताची अगणित पिले पाण्यात सांडतात, पाण्यातला एक बारीक किडा ती गिळतो, आणि तो किडा पाण्याबरोबर आपण गिळतो. वर्षभराने पायाला फोड येतो. मी येताना एक भिंग आणले होते. फुलपात्रात कोंडाचे पाणी घेऊन उन्हात धरले, की त्या किड्यांच्या उड्या नुसत्या डोळ्यांनाही दिसत. वहिनीने भिंगातून पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले, आणि फुलपात्र परत देत म्हणाली, "वन्सं, यात माझं नशीब कुठे दिसतं का बघा. एवढे उड्या मारतायत, एखादा तरी मुंबईला पोचेल."

वहिनी माझ्याच वयाची होती. ती लग्न होऊन आली तेव्हा मी तिला परकर-पोलक्यातला माझा फोटो दाखवला होता आणि तिने विचारले होते, "हा मुलगा कोण?" ती घरात असली की स्वयंपाकघरातून पुटपुटणे, हसणे, पळीचा आवाज असे काहीतरी सतत चालू असे. कुळथाचे पिठले ती असे करी की नाना तिसऱ्यांदा भात मागत आणि मग आईकडे चोरून पाहत. त्या वर्षी दादाने मुंबईला खोली घेतली होती. तो बोट बंद होण्याआधी येणार, आणि तिला बिऱ्हाडाला घेऊन जाणार, असे ठरले होते. पावसाळा लागला की आगबोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू होत. म्हणजे ही खेप हुकली तर सगळा पावसाळा गेला, आणि त्यानंतर दादाचे मन आणि खोली दोन्ही जागेवर असतील याची खात्री नाही. आंब्याची साठे उन्हात घालताना ती मला पुन्हा पुन्हा तेच विचारी. "मजल्यावर नळ आहे म्हणे. तोटी फिरवली की पाणी. खरंच?"

"खरंच."

"आणि उतरायचं नाही?"

"कुठे उतरणार? चौथ्या मजल्यावर?"

त्या कल्पनेने ती कितीतरी वेळ हसत राहिली.

कोंडात कोणीच पाय घालू नये, हे एवढे साधले तर रोग थांबेल, असे मी नानांना समजावून दिले. पोफळीची खोडे आडवी टाकून साकव करावा, त्यावर उभे राहून दोरीने कळशी सोडावी. नानांना ते पटले. ते तर्काला मान देणारे गृहस्थ होते; शास्त्राच्या कुंपणाच्या आत असेल तोपर्यंत. पण पाणी आसरांचे, तेव्हा कौल लावणे भाग होते. गुरवाने मधल्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. साकवाची गोष्ट निघताच म्हाताऱ्या बायकांत कुजबुज झाली आणि गुरवाने हात जोडले. "नाना, माईच्या डोक्यावर पाय देवन उभं ऱ्हायाचं? ह्यो कौल मी नाय मागणार." मग त्याने आपल्या मनाने दुसराच प्रश्न घातला. "माये, ज्याच्या अंगात नारू त्याच्यावर तुझा राग. त्यानं आन् त्याच्या घरानं तुझ्या पान्याला येव नये, नारू निघाला की हितं आणून दाखवावा, नारळ द्यावा, मंग घर मोकळं. आसं आसल तर उजवी दे." सकाळचे ऊन सुरंगीच्या फांदीखालून दगडाच्या उजव्याच खांद्यावर येत होते. ती पाकळी आधी सुकली आणि आधी पडली. प्रश्न कोणताही असता तरी उत्तर हेच आले असते; सगळी सत्ता प्रश्न घालणाऱ्याच्या हाती होती.

शास्त्राने पाहिले तर तो निर्णय निम्मा बरोबर होता. नारू झालेल्या माणसाने पाण्यात उतरू नये, हे योग्यच. पण दंड सगळ्या घराला होता, आणि घराला दुपारच्या आत पाणी लागतेच. तेव्हा लोक काय करतील हे सांगायला कौलाची गरज नव्हती. त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतून नारू एकाएकी नाहीसा झाला. पायांना काटे मात्र फार लागू लागले. ज्याच्या त्याच्या घोट्याला चिंधी, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी करवंदीचा काटा.

परसात, धुण्याच्या दगडाआड बसलेल्या वहिनीच्या पायाशी मी माडाचा हीर पाहिला, तेव्हा तिने तो पदराखाली घेण्याचा प्रयत्न केला नाही. "ओरडू नका," एवढेच म्हणाली. "आई पडवीत आहेत."

"आणि हाच पाय घेऊन तू रोज कोंडात उतरतेस?"

"मग कशात उतरू? तुमच्या भिंगात?"

मी तिला सगळे पुन्हा सांगितले. तिने ऐकून घेतले आणि बोट फोडावर ठेवून विचारले, "बोट बंद व्हायच्या आत निघेल?" मी जंत पाहिला, उरलेले दिवस मनाशी धरले आणि सांगितले की रोज थोडा थोडा, ओला ठेवून ओढला, तर निघण्यासारखा आहे, घाई केली तर नाही. ती कोंडात उतरणार नाही, पाणी मी भरीन, आणि मी कोणाला सांगणार नाही, असे आमचे ठरले. दुसऱ्या दिवसापासून कळशी माझ्या कमरेवर आली. आई म्हणाली, "कॉलेजात हेही शिकवतात वाटतं!" आणलेले पाणी मी जुन्या धोतराच्या दुहेरी घडीतून गाळू लागले, त्याला तिने हरकत घेतली, कारण ते धोतर सोवळ्याचे नव्हते. "तुझं तू गाळ. देवाचं आणि आमचं राहू दे."

आमचे गुपित फोडायला कोणी चोरून पाहावे लागले नाही. पाणवठ्यावर बायका एकमेकींचे येणे-जाणे मनात धरून असतात. सून येत नाही, शिकलेली पोर येते. विटाळशी म्हणावी तर ते दिवस कधीच उलटले. एका सकाळी गुरव अंगणाच्या पेळेपाशी, कडेच्या बांधाशी, येऊन उभा राहिला. आवाजात राग नव्हता, संकोचच होता. "नाना, सूनबायचा पाय बगायचा हाय." नानांनी वहिनीला बाहेर बोलावले. तिने चिंधी सोडली. नाना आत गेले आणि त्यांनी पूजेची पळी-पंचपात्री पालथी घालून ठेवली.

कोंड आमच्या घराला बंद झाला. घरात होते तेवढे पाणी एका दिवसात संपले. आम्ही शहाळी फोडली, ताक प्यालो, चुलीवर भात चढला नाही. पोहे शहाळ्याच्या पाण्यात भिजवून खाल्ले, त्यांची गोडसर चव जिभेवरून जाईना. मी नानांना म्हणाले, खालच्या झऱ्याचे पाणी वाहते आहे, त्यात कोणी पाय घालत नाही. महारवाडीत नारू नाही, तुम्ही स्वतः चौकशी करा. नानांनी शांतपणे विचारले, "उद्या म्हणशील त्यांच्याकडचा भातही स्वच्छ असतो."

"असेलही."

"पुरे गो," आई म्हणाली. "तहान लागली म्हणून जात सोडतात का कुणी?" आणि आपल्या वाटचे शहाळे तिने वहिनीपुढे सरकवले.

दुपारी सगळी आडवी झाली तेव्हा मी कळशी घेऊन झऱ्यावर गेले. चंद्रा नावाची एक बाई पन्हळीखाली मडके धरून होती. मला पाहताच तिने मडके उचलले आणि बरीच मागे सरली. "बाय, माघारी फिरा."

"मला फक्त एक कळशी हवी आहे."

"पान्याला कोन नाय म्हनतंय? पन उद्या गाव म्हनल, म्हारनींनी भटाचं घर बाटवलं. मार कुनाला पडल? तुमाला नाय पडायचा." तिने मागे महारवाडीकडे पाहिले. "माजी पोरं हायत, बाय."

तिच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते. मी रिकामी कळशी घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने हिरावर गुंडाळलेला नारू केळीच्या पानावर ठेवून पडवीत आणला. "आला. सगळा आला," ती म्हणाली. तिच्या ओठाला दातांचे वण होते. मी पान उजेडात नेले. अखंड जंताचे टोक निमुळते, आकड्यासारखे वळलेले असते. याचे टोक फाटलेले होते, आणि लांबी निम्मीही नव्हती. मी मोठ्याने म्हणाले, "हा तुटला आहे. अर्धा आतच आहे." नाना धोतर सावरत गुरवाला बोलवायला निघालेच होते. आई माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की जणू मी मांडलेल्या ताटावर पाय दिला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या पुस्तकातला लांब असेल. माझा एवढाच." कोंडावर गुरवालाही मी तेच सांगितले. "तायनू," तो म्हणाला, "माईनं बगितला. तुमी कशाला मापताव?" नारळ फुटला. घर मोकळे झाले. त्या दुपारी आमटी-भाताचा वास घरभर सुटला, आणि सर्वांनी इतक्या मनापासून जेवण केले की सणासुदीलाही तसे होत नसे. वहिनीने वाढले. तिने स्वतः काय खाल्ले ते कोणी पाहिले नाही.

पाय सुजला. सूज घोट्यावरून पोटरीला चढली, मग गुडघ्याला. धोत्र्याचा पाला गरम करून बांधला, एरंडेल चोळले. अंगात ताप होता. ती म्हणे, चुलीपुढे बसते म्हणून. मी नानांकडून बैलगाडी जुंपवली, रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटले. वहिनी खांबाला धरून उभी राहिली. "तिथे ठेवून घेतील. बोट जाईल." आईलाही ते पटले: दादा येतोच आहे, मुंबईला मोठे डॉक्टर आहेत, त्याच्याबरोबरच जाऊ दे. गाडीचे बैल सोडले गेले. मी बोलले, चिडले, रडले. पण मी त्या घरातली एक मुलगी होते, डॉक्टर नव्हते, आणि जिचा पाय होता तीच नको म्हणत होती.

दादा आला तेव्हा ती ट्रंकेवर बसलेली होती. नवे लुगडे, अंबाड्यात सुरंगीचा गजरा. दादाने हसत विचारले, "एवढी तयारी?" ती उठली, दोन पावले चालली आणि त्याच्या अंगावर कोसळली. मग पाय सर्वांनी पाहिला. मी तो पाहिला आणि काय होणार ते मला समजले. पुढे आयुष्यभर मी पुष्कळ गोष्टी भिंगाखाली पाहिल्या, पण इतक्या स्पष्टपणे कोणतीच नाही. डॉक्टरांना आणले. त्यांनी पाय चिरला, हात धुतले, आणि उशिरा बोलावलेत एवढेच म्हणाले. ती बडबडत होती, त्यात तोटीचे काहीतरी होते. शेवटची आगबोट गेली त्याच आठवड्यात ती गेली.

प्रेताला स्नान घालायला पाणी लागते. सुतक असलेल्या घराने कोंडाची पायरी शिवायची नाही, हा नियम कौलाहून जुना होता. आजवर आमच्या घरातली मरणे भर पावसात, आड तुडुंब असताना झाली होती. असा पेच आलाच नव्हता. कुळवाड्यांच्या बायका अंगणाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी पाणी आणून दिले असते, पण ते सुनेच्या अंगावर घालायला नानांची जीभ हो म्हणेना. आई उठली. तिने माझ्याकडे पाहिले, घागर घेतली, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी वहाळाची उतरण उतरू लागली. मी दुसरी घेऊन मागून गेले. झऱ्यावर चंद्रा होती, आणखी दोघीतिघी होत्या. त्या सगळ्या बाजूला झाल्या, आणि आईने पन्हळीखाली घागर धरली.

सुतकाचे सगळे दिवस आम्ही तेच पाणी प्यालो. नानांनी त्याची संगती लावली: विटाळाला विटाळ लागत नाही, घर अशुद्धच आहे, तेव्हा पाण्याने ते अधिक अशुद्ध होत नाही. गावालाही ते मान्य झाले. पाणी थंड होते, त्याला शेवाळाचा वास नव्हता. पहिला घोट घेतल्यावर आई हलकेच म्हणाली, "गोड आहे गो," आणि मग डोळ्यांना पदर लावला. मी ते फुलपात्रात घेऊन उन्हात धरून पाहिले. त्यात काहीही हलत नव्हते. माझ्या माहेरच्या घराने त्या उन्हाळ्यात निर्दोष पाणी प्याले ते एवढेच दिवस.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. तेराव्याचे झाल्यावर गोमूत्र शिंपडले, पुण्याहवाचन झाले, भांडी चिंचेने घासून लख्ख केली. झऱ्याच्या घागरी ओतून पालथ्या घातल्या. दादा पायवाटेने मुंबईला निघून गेला, बोट नव्हती. आईने कळशी उचलली आणि कोंडाकडे चालू लागली. मी तिला सुरंगीपाशी गाठले.

"आई, हे नको. खालचंच आणू या. तू प्यालीस ना? काही झालं का?"

तिने कमरेवरची कळशी सावरली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार थकलेल्या माणसाला एखादी सोपी गोष्ट पुन्हा समजावून सांगावी लागते, तसे काहीतरी होते.

"सुतक फिटलं गो," ती म्हणाली. "आता काय जन्मभर सुतकातच राहायचं?"

आणि एक हात पायरीच्या कातळाला लावून, एकेक गुडघा सोडवत ती खाली उतरली, घोट्याभर पाण्यात उभी राहिली आणि तिने कळशी बुडवली.